डिसेंबरातलं लग्न, ठाणे : सगळं एकाच इव्हेंटवाल्याला द्यावं की सुटं सुटं धरावं?

मंजिरी_घो (शनिवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय.

डिसेंबरात माझं लग्न आहे. रविवार, सकाळचा मुहूर्त. नौपाड्यात कार्यालय मिळालंय. आतापर्यंत एवढं एकच काम झालंय, आणि तेही कुणाचं तरी बुकिंग रद्द झालं म्हणून. आदल्या संध्याकाळी हळद आणि संगीत, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, घोडबंदर रोडला. लग्नाला दोन्हीकडची मिळून साडेतीनशे माणसं, संगीताला सव्वाशे. मुलाकडचे नेरूळचे. खर्च निम्मा निम्मा.

एका इव्हेंटवाल्याने फुलं, स्टेज, साउंड, अँकर, फोटो, मेकअप, गुरुजी, अगदी मुंडावळ्यांपर्यंत सगळं मिळून आठ लाख सांगितलेत. जेवण वेगळं. आई म्हणते सगळं सुटं धरू, चार लाखांत होतं. बाबा म्हणतात, चार लाख वाचतील पण तुझी आई वाचणार नाही.

तर पॅकेज की सुटं? आणि दोन उपप्रश्न. एक, मला केसात आणि मंडपात मोगराच हवाय, खरा. दोन, संगीताला नवऱ्याच्या मित्रांना डीजे हवाय आणि बाबांना नाट्यसंगीत. दोघेही हटत नाहीत.

---

पाचपाखाडीकर (शनिवार, रात्री १०:५५)

अभिनंदन पोरी. दोन मुलींची लग्नं केली आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

पॅकेज की सुटं हे नंतर. आधी कार्यालयाचा करार काढ आणि चष्मा लावून वाच. बाहेरचा केटरर आणि डेकोरेटर चालतो का? बऱ्याच ठिकाणी त्यांच्या यादीतलेच घ्यावे लागतात, बाहेरचा आणला तर रॉयल्टी. ती द्यायची तुम्हालाच, डेकोरेटर फक्त बिलात लिहितो. भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरला आहे की वर आहे? लाइट मीटरप्रमाणे की भाड्यात? जनरेटरचं डिझेल कुणाचं? एसी किती तास? धाकटीच्या वेळी आमच्या कार्यालयाने 'सफाई' आणि 'कचरा' असे दोन वेगळे आकार लावले होते. मी विचारलं, सफाईत काय उचलता मग?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ताबा किती वाजता. शनिवारी रात्री तिथे दुसऱ्याचं रिसेप्शन असणारच. ते साडेअकराला आवरलं तर तुमच्या डेकोरेटरच्या हातात रात्रीचे पाच-सहा तास उरतात. आठ लाखांच्या पॅकेजमधला तो फोटोतला मंडप एवढ्या वेळात उभा राहतो का, हे त्याला समोर बसवून विचार.

माझं मत सुटं. मुंडावळ्या जांभळी नाक्याला मिळतात, त्याला इव्हेंटवाला लागत नाही.

---

चहाबिस्कीट (शनिवार, रात्री ११:०३)

रजिस्टर लग्न करा. आठ लाख वाचतात, मोगरा घरी कुंडीत लावा.

---

मंजिरी_घो (शनिवार, रात्री ११:१०)

@चहाबिस्कीट, हे मी आईला बोलून पाहिलंय. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही.

@पाचपाखाडीकर काका, धन्यवाद. करार काढला. ताबा 'सकाळी ६ वाजता' असा लिहिलाय. रात्रीचा उल्लेखच नाही!

---

पाचपाखाडीकर (शनिवार, रात्री ११:१४)

उद्या सकाळी जाऊन मॅनेजरला भेट. तोंडी 'हो हो, रात्री या' म्हणेल. लिहून घे.

---

घोडबंदर_ग्रस्त (रविवार, सकाळी ८:२०)

कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. शनिवारी संध्याकाळी नेरूळहून सव्वाशे माणसांतली निम्मी माणसं घोडबंदरला येणार? ऐरोली, कळवा, मग माजिवडा, कापूरबावडी. माझ्या भावाच्या हळदीला नवऱ्या मुलाची आत्या पोचली तेव्हा हळद वाळून पडायला लागली होती. पत्रिकेत साडेपाच छापा, साडेसातला सुरू करा. आणि बस ठरवणार असाल तर ड्रायव्हरला आमच्या रोडचं सर्व्हिस रोडचं गणित आधी फोनवर समजावून सांगा. एक वळण चुकलं की बस थेट गायमुखला.

दुसरं, रविवार आहे. रविवार म्हणजे रेल्वेचा मेगाब्लॉक. कुठल्या लाइनला ते शुक्रवार-शनिवारी कळतं. ट्रान्स हार्बरला, म्हणजे आपल्या ठाणे-नेरूळ लाइनला असला तर नेरूळची सगळी मंडळी एकदम रस्त्यावर येतील. पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी रात्री ब्लॉकच्या वेळा टाकायचं काम आत्ताच कुणाला तरी देऊन ठेवा.

मांडवाच्या ट्रकचंही तेच. अवजड गाड्यांना शहरात बंदीच्या वेळा असतात. डेकोरेटर नवखा असला तर ट्रक टोलनाक्यावर आणि मंडप मनात.

---

जाईजुई (रविवार, सकाळी ९:०५)

'ट्रक टोलनाक्यावर आणि मंडप मनात' हे आवडलं :)

---

फुलबाजार (रविवार, दुपारी १:३०)

आमचा तीन पिढ्यांचा फुलांचा धंदा आहे, ठाण्यात. आता मी पूर्ण वेळ त्यात नाही, पण दिवाळी-दसऱ्याला गल्ल्यावर असतोच. मोगऱ्यावर सविस्तर लिहितो कारण दर डिसेंबरात हाच प्रश्न घेऊन एक तरी नवरी दुकानात येते.

मोगरा उन्हाळी फूल आहे. फेब्रुवारी-मार्चपासून भर येतो, एप्रिल-मेमध्ये बाजार नुसता घमघमतो. आपल्याकडे वाडा, जव्हार, वसईकडचा माल असतो. थंडी पडली की कळी धरत नाही. डिसेंबरात जो मिळतो तो बहुतेक तमिळनाडूतून, आणि तिकडेही थंडीत माल कमी. म्हणून भाव असा चढतो की आम्ही ग्राहकाला सांगताना खाली बघतो. शिवाय कळी बारीक. म्हणजे मे महिन्यात जो गजरा तुम्ही सहज घेता, त्याच पैशात डिसेंबरात चार बोटं मिळतात.

मंडपभर मोगरा कुणी डिसेंबरात कबूल करत असेल तर तो तीनपैकी एक गोष्ट करणार. काकडा लावणार, कापडी लावणार किंवा आदल्या दिवशी 'माल आलाच नाही हो' म्हणणार. काकडा म्हणजे मोगऱ्याचा गरीब भाऊ. फोटोत फरक कळत नाही, वास जवळजवळ नाही. वाईट फूल नाही, फक्त मोगऱ्याच्या भावात विकलं जाऊ नये.

माझा सल्ला. केसातले गजरे तेवढे खऱ्या मोगऱ्याचे करा, तू, आई, सासूबाई, करवल्या मिळून दहा-बारा. आठवडाभर आधी सांगून ठेवा. मंडपाला डिसेंबरात जे पिकतं ते घ्या. शेवंती तेव्हा भरात असते, पांढरी, पिवळी, जांभळी. झेंडू दिवाळीनंतर उतरतो. वास हवा तर निशिगंधाच्या माळा आणि मध्ये मरवा. सकाळच्या लग्नाला निशिगंध छान टिकतो. दारात तोरणाला आंब्याची पानं आणि झेंडू, त्याला पर्याय नाही.

डेकोरेटरला 'खरी फुलं?' एवढंच विचारू नका. तो हो म्हणेल आणि खोटंही बोलत नसेल. विचारा, किती उंचीपर्यंत खरी? आमच्यातला जुना हिशेब आहे. हाताला लागतं तिथपर्यंत खरं, त्याच्या वर कापडी. स्टेजच्या मागच्या भिंतीला नाक लावून कुणी बघत नाही. त्यात फसवणूक नाही, फक्त भाव तसा लागला पाहिजे. कोटेशनमध्ये 'फ्लॉवर डेकोर' असं एका ओळीत लिहू देऊ नका. सुटी फुलं किती किलो, जरबेरा आणि डच गुलाबाचे किती बंच (जरबेराचा दहाचा, गुलाबाचा वीसचा), लडी किती फूट, असं लिहून घ्या.

एक राहिलं. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष लागतो. बुधवार-गुरुवारी फुलांचे, वेण्यांचे भाव वर जातात, शुक्रवारी खाली येतात. शनिवारी पहाटेची खरेदी तुम्हाला बरी पडेल.

थर्माकोल कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. तरी अजून नावांची अक्षरं त्यातच कापून आणतात.

---

मंजिरी_घो (रविवार, दुपारी २:१५)

@फुलबाजार, डोळे उघडले. माझ्या कोटेशनमध्ये 'प्रीमियम मोगरा थीम फ्लॉवर डेकोर, १ नग' असं लिहिलंय. नग!

---

अर्धापुणेकर (रविवार, दुपारी २:४०)

नग शब्द अचूक आहे. ज्याने कोटेशन दिलं त्याच्याबद्दल असावा.

---

कोपरखैरणेचा_भाऊ (रविवार, संध्याकाळी ६:५०)

संगीत संगीत काय लावलंय. आमच्या आगरी लग्नात हळद हेच मेन फंक्शन, लग्न दुसऱ्या दिवशी उरकायचं असतं. माझ्या बहिणीच्या हळदीला हजार माणूस होतं आणि लग्नाला पाचशे, कारण बाकीचे झोपलेले.

पण खरं सांगायचं तर त्या रात्रीचं मला डीजेचं एकही गाणं आठवत नाही. आठवते ती धवलारीण, म्हणजे लग्नातल्या विधींना धवले, विधींची गाणी, म्हणणारी बाई. आजी सत्तरीच्या पुढच्या, माइक नको म्हणाल्या. हळद लागताना, देवक बसवताना, एकेका विधीला त्यांचे धवले चालू. आजकाल गावात एखाददुसरीच उरलीय, तारीख मिळायला कार्यालयापेक्षा कठीण. डीजेवाले गल्लीत चार.

मंजिरी ताई, तुमच्याकडे ओव्या किंवा घाणा भरायच्या विधीची गाणी म्हणणारी कुणी आजी-मावशी असेल तर तिला संगीतात पंधरा मिनिटं द्या. नाट्यसंगीत आणि डीजेचं भांडण आपोआप मिटेल, दोघांनाही गप्प बसावं लागेल.

---

जाईजुई (रविवार, संध्याकाळी ७:२०)

वा! धवलारिणीवर वेगळा धागा काढा ना भाऊ.

---

कोपरखैरणेचा_भाऊ (रविवार, संध्याकाळी ७:२२)

काढतो. आजीला विचारून.

---

काळाकोट (रविवार, रात्री ९:००)

डीजेचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं थोडं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. बंद सभागृहाला सूट आहे, पण आवाज आतल्या आत राहिला पाहिजे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. क्लबहाउसच्या काचा उघड्या आणि समोर बी विंग असेल तर ती सूट विसरा. सरकार वर्षातले काही दिवस बारापर्यंत परवानगी देतं, ते सणांचे. तुमचं संगीत त्यात बसत नाही, कितीही उत्साह असला तरी.

आणि दुसरा भुर्दंड. कोटेशनमध्ये 'म्युझिक लायसन्स' असं काही आहे का बघा. प्रताधिकार कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए). लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभात गाणी वाजवणं हे उल्लंघन धरलं जात नाही. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून तेच सांगितलं. गोवा सरकारने त्यावर काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलं, त्यामुळे हॉटेलवाले आता 'तो निकाल आहे ना' असं सांगतात. परिपत्रक गेलं, कलम जागेवरच आहे. घरच्या संगीताला पैसे मागितले तर कलमाचा आकडा लिहून पाठवा आणि उत्तर लेखी मागा. बहुतेकदा उत्तर येत नाही, ओळ कोटेशनमधून जाते.

---

मठ्ठाप्रेमी (रविवार, रात्री ९:३५)

इतकी चर्चा झाली आणि जेवणावर अवाक्षर नाही! पाहुणे मोगरा खाणार आहेत का?

माझे मुद्दे. केटररच्या टेस्टिंगला जाऊन भुलू नका. आठ जणांचा मसालेभात कुणीही करतं. तो दुसऱ्याच्या कार्यात तीनशे माणसांना वाढत असेल तेव्हा जा, आणि पुढून नको, मागच्या दाराने. भात कढईतून परातीत किती वेळा फिरतोय, जिलबी समोर तळतायत की डब्यातून निघतेय, मठ्ठ्यात बर्फ आहे की मठ्ठा बर्फात आहे, सगळं कळतं.

ताटांचा हिशेब. साडेतीनशे आमंत्रणं असली तरी सुरुवातीलाच साडेतीनशेची गॅरंटी देऊ नका. तीनशेची द्या आणि दहा टक्के जास्तीची तयारी लिहून घ्या. बुफे असेल तर ताटं मांडण्याआधी घरचं माणूस उभं राहून मोजेल, शेवटी उरलेली परत मोजेल. माझ्या चुलतभावाच्या लग्नात चाळीस ताटं जास्त लागली होती. नंतर कळलं, डीजे, फोटोवाले, ड्रायव्हर आणि शेजारच्या हॉलचे वऱ्हाडी. वेंडरच्या माणसांचं जेवण कुणाकडे हे आधीच ठरवा. त्यांना उपाशी ठेवू नका, पण मोजा.

आणि एक तरी पंगत करा हो. व्याह्यांची. अळूचं फदफदं बुफेत उभ्याने खायचा पदार्थ नाही, ते ताटात पळतं आणि माणूस त्याच्यामागे.

---

अर्धापुणेकर (रविवार, रात्री ९:५०)

पाहुणे मोगरा खात नाहीत हे गृहीत धरू नका. माझ्या साल्याच्या लग्नात 'एडिबल फ्लॉवर चाट' होतं. चार जण परत आले नाहीत. काउंटरवर, म्हणजे.

---

शार्दूल (रविवार, रात्री १०:३०)

अवांतर : संगीत ठीक, पण मंगलाष्टकांचं काय ठरलंय? मी सांगतो काय होतं. मुहूर्त ११:४२ चा, आणि ११:३० ला आठ नातेवाईक आपापली कागदं घेऊन माइकपाशी. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. आमच्या काकूंच्या तिसऱ्या ओळीत मी २७ मोजली. त्यांनी ती एका दमात कोंबली. अंतरपाट धरणारे दोघे थकून हात बदलत होते.

वर कार्यालयाच्या साउंडवाल्याने सनई फोनवरून लावलेली, फुकटच्या ॲपवर. ऐन 'शुभमंगल सावधान'ला स्पीकरवरून एक बाई म्हणाल्या, जाहिरातींशिवाय गाणी ऐका. अक्षता पडल्या त्याच क्षणी.

त्यामुळे खरे सनई-चौघडावाले धरा. ते नवऱ्या मुलीच्या प्रवेशाला, मुहूर्ताला, जेवणाला कुठे काय वाजवायचं हे न सांगता जाणतात. डीजेपेक्षा स्वस्त पडतात आणि बाबाही खूश.

---

जाईजुई (रविवार, रात्री १०:४१)

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीतलं वाचन असतं तर नाकातून चहा आला असता.

---

वाशीची_रेवा (सोमवार, सकाळी ११:२५)

मी इव्हेंटमध्येच आहे, वाशीत, सात वर्षं. आता थोड्या शिव्या खायला येते.

@पाचपाखाडीकर काका, मुंडावळ्या जांभळी नाक्याला मिळतात हे खरंच. पण पॅकेजमध्ये तुम्ही मुंडावळ्यांचे पैसे देत नसता. पावणेअकराला मुंडावळ्या घरीच राहिल्यात हे कळल्यावर जो पळतो त्याचे देत असता.

आता आतली गोष्ट. मंजिरीला आलेल्या आठ लाखांत फुलं, साउंड, फोटो हे बहुतेक बाहेरून घेतलेलं असणार. प्रत्येकावर आमचं दहा-पंधरा टक्के असतं. काही जण जास्त लावतात. ते गैर आहे असं मला वाटत नाही, पण लपवणं गैर आहे. म्हणून पहिला प्रश्न हा विचार, यातलं तुमच्या पगारी माणसांचं काय आणि बाहेरचं काय?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. मुहूर्ताच्या डिसेंबरी रविवारी आमच्याकडे तीन-चार लग्नं असतात. जी मॅडम तुला कॉफी पाजून अल्बम दाखवते ती तुझ्या लग्नात नसणार. ती सगळ्यात मोठ्या बजेटच्या लग्नात असते. तुझ्याकडे कोण येणार? त्या व्यक्तीला आत्ता भेटव म्हणावं, आणि तिचं नाव करारात लिही. नाव लिहायला टाळाटाळ झाली तर माणूस अजून नेमलेलाच नाही, कॉलेजची पोरं आदल्या आठवड्यात गोळा होतील.

पैसे कधीच सगळे आधी देऊ नकोस. बुकिंगला थोडे, आठवडाभर आधी मोठा भाग, शेवटचे दहा-पंधरा टक्के दुसऱ्या दिवशी. शेवटचा हप्ता हातात असला की रात्री दोन वाजताही फोन उचलला जातो.

माझं प्रामाणिक मत, साडेतीनशे माणसांच्या सकाळच्या लग्नाला पूर्ण पॅकेज लागत नाही. फुलं, केटरर, फोटो तुम्ही धरा. आमच्यासारख्यांकडून फक्त शनिवार-रविवारचा को-ऑर्डिनेटर आणि दोन पोरं घ्या. कमी पैशांचं काम म्हणून काही कंपन्या नाही म्हणतात, काही घेतात.

---

पाचपाखाडीकर (सोमवार, दुपारी १२:१०)

रेवाताई, स्पष्ट लिहिलंत, आवडलं. पण पटलं नाही. पळायला पैसे देऊन माणूस? मग घरातले भाचे-पुतणे कशासाठी असतात? आमच्या थोरलीच्या लग्नात तिच्या मावसभावाने सगळं एकहाती सांभाळलं. एक रुपया घेतला नाही.

---

निद्रानाश (सोमवार, दुपारी १२:४८)

काका, मी तो भाचा आहे. तुमचा नव्हे, पण जातीचा तोच.

तीन वर्षांपूर्वी मामेबहिणीचं लग्न, कळव्याजवळ. 'अरे तू आहेस ना, मग चिंता नाही' असं सगळे म्हणाले तेव्हाच मी ऑफिसची सुट्टी रद्द करायला हवी होती. आदल्या रात्री दीड वाजता फुलांचा टेम्पो घेतला, पावणेतीनला साउंडवाल्याला उठवलं, पाचला गुरुजींना आणायला डोंबिवलीला गेलो. मुहूर्ताला मी कुठे होतो? जनरेटर बंद पडला म्हणून डिझेल आणायला. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. ज्या बहिणीला मी सायकल शिकवली तिच्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही. एक आहे, त्यात कोपऱ्यात माझी पाठ आणि कॅन दिसतो.

जेवलो संध्याकाळी साडेचारला. जिलबी संपली होती. सगळ्यांनी कौतुक केलं, मामाने पाठीवर हात ठेवला, मामीने पँटपीस दिला. तक्रार नाही. पण कुणी विचारलं तर मी त्या लग्नाला गेलो होतो असं मला म्हणवत नाही.

---

जाईजुई (सोमवार, दुपारी १२:५५)

अरे देवा. 'माझी पाठ आणि कॅन'.

---

मठ्ठाप्रेमी (सोमवार, दुपारी १:०२)

जिलबी बाजूला काढून ठेवायला हवी होती कुणीतरी. अक्षम्य.

---

पाचपाखाडीकर (सोमवार, रात्री ९:१५)

आज घरी थोरलीचा अल्बम काढला. तो मावसभाऊ शोधत होतो. दोनशे फोटोंत दोनदा सापडला. एकात खुर्च्या उचलतोय.

उद्या त्याला फोन करतो.

---

चहाबिस्कीट (सोमवार, रात्री ९:४०)

धागा भावनिक वळणावर आहे म्हणून कामाचं लिहितो. लग्न कसंही करा, नोंदणी विसरू नका. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत नोंदवायचं, उशीर झाला की वरून दंड. पत्रिकेची एक प्रत, गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. गुरुजींची सही त्याच दिवशी दक्षिणेआधी घ्या. नंतर ते सापडत नाहीत, सीझन असतो.

---

अर्धापुणेकर (सोमवार, रात्री ९:५२)

दक्षिणेआधी! हा माणूस पूर्वी वसुलीला असावा.

---

मंजिरी_घो (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:३०)

गायब झाले म्हणून शिव्या घालू नका. ठरलं ते सांगते.

कार्यालयाच्या मॅनेजरकडून शनिवारी रात्री बाराचा ताबा लेखी मिळाला. आधी 'आम्ही कधी लिहून देत नाही' म्हणाला. बाबा तिथेच खुर्चीत बसले आणि पेपर वाचायला लागले. चाळीस मिनिटांनी दिलं.

आठ लाखांच्या मॅडमना रेवाचे दोन्ही प्रश्न विचारले. कोण येणार याचं उत्तर 'आमची टीम' असं तीनदा आलं. चौथ्यांदा विचारलं नाही. 'म्युझिक लायसन्स'ची ओळ खरंच होती, कलम पाठवल्यावर सुधारित कोटेशन आलं त्यात ती नव्हती. तरी त्यांना नाही म्हटलं.

केटरर सुटा. मी आणि आई एका अनोळखी मुंजीत मागच्या दाराने गेलो, पकडलो गेलो, आणि मुंजमुलाच्या आजीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यामुळे केटरर तोच. व्याह्यांची पंगत आहे, अळू आहे. फुलं शेवंती, निशिगंध, मरवा, गजरे बारा, मोगऱ्याचे. मंडपात मोगरा नाही हे पटायला मला चार दिवस लागले.

संगीत साडेनऊला बंद. आधी बाबांच्या दोन मित्रांची नाट्यपदं, मग डीजे. बाबा म्हणतात आम्ही आधी गातो, म्हणजे माइकची टेस्टिंग होईल. आणि @कोपरखैरणेचा_भाऊ, माझी आजी घाण्याच्या ओव्या म्हणणार आहे. विचारलं तर म्हणाली, इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी वहीतून तयारी चालू आहे, एकूण किती आहेत ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

आणि दोन दिवसांची को-ऑर्डिनेटर घेतली, दोन पोरांसकट. आईने पैशांवरून बरीच कुरकुर केली. मग मी तिला निद्रानाशची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. आमच्याकडे तो भाचा म्हणजे माझा मामेभाऊ. आई काही बोलली नाही, ॲडव्हान्स तिनेच भरला.

---

निद्रानाश (रविवार, रात्री १०:४४)

मामेभावाला सांगितलं का?

---

मंजिरी_घो (रविवार, रात्री १०:५०)

सांगितलं. तो म्हणाला, मग मी करू काय दिवसभर?

---

मठ्ठाप्रेमी (रविवार, रात्री १०:५१)

जिलबी.

---

कोपरखैरणेचा_भाऊ (रविवार, रात्री १०:५८)

आजीच्या ओव्या रेकॉर्ड करा ताई. फोन जवळ ठेवून, डीजे यायच्या आधी. माझ्याकडे धवलारीण आजींचं रेकॉर्डिंग आहे, त्यात निम्मा वेळ जनरेटर ऐकू येतो.

---

फुलबाजार (रविवार, रात्री ११:२०)

बारा गजरे लिहून ठेवतो, आठवडाभर आधी आठवण करा. मंडपाची सुटी फुलं तुमच्या डेकोरेटरला घेऊ द्या, पण शनिवारी पहाटे घरचं एक माणूस त्याच्यासोबत दादरला पाठवा, केशवसुत पुलाजवळ. पहिल्या लोकलने. आई येणार असतील तर शाल आणायला सांगा, आणि भाव त्यांना करू द्या.